शिवणीतली माया

मंडळी, गेल्या हिवाळ्यात पुण्यात जुन्या चित्रपटांचा एक छोटेखानी महोत्सव होता. मी थोरल्या बहिणीला, आपाला, सोबत घेऊन गेलो होतो. खेळ सुरू व्हायला अवकाश होता. बाहेरच्या दालनात फॅशन डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींनी एक प्रदर्शन मांडलं होतं. महोत्सवात जे चित्रपट दाखवले जाणार होते, त्यांतले पोशाख त्यांनी स्वतः तयार करून पुतळ्यांवर चढवले होते. प्रत्येक पुतळ्याच्या पायाशी एक कार्ड होतं. त्यावर चित्रपटाचं नाव, साल, दिग्दर्शक आणि वेशभूषाकाराचं नाव माहीत असेल तर तेही.

लोक मोबाइलवर फोटो काढत होते. आपानं मात्र वेगळंच केलं. तिनं एका कुडत्याची कड हलकेच उलटली आणि आतली शिलाई बघितली. मला हसू आलं, कारण माझाही हात त्याच कामासाठी पुढे गेला होता. आम्ही दोघं शिंप्याची पोरं. मिरजेत आमच्या अब्बांचं शिवणाचं दुकान होतं. कपडा दिसला की आधी उलटा करून बघायचा, ही सवय लहानपणी लागली ती लागलीच.

आज तुम्हाला त्या पुतळ्यांच्या निमित्तानं चार गोष्टी सांगायच्या आहेत. पडद्यावरचा कपडा आपल्या अंगावर कसा आला, त्याची ही गोष्ट आहे.

पहिला पुतळा होता 1968 सालच्या ‘ब्रह्मचारी’तल्या मुमताजच्या केशरी साडीचा. शम्मी कपूरबरोबरच्या नाचगाण्यात ती साडी आहे. अंगाला घट्ट बसलेली आणि नाचताना कुठेही न सुटणारी. आपा म्हणाली, “असा नाच करायचा म्हणजे किती पिना लावल्या असतील गं!” शेजारी उभी असलेली विद्यार्थिनी म्हणाली, “आजी, पिना नाहीत. ती शिवलेली साडी आहे. आत चेन आहे.” आणि तिनं ती चेन उघडून दाखवली. साडीसारख्या न शिवलेल्या वस्त्राला शिवून त्यात चेन बसवायची ही करामत भानू अथैया यांची.

भानूताई मूळच्या कोल्हापूरच्या. माहेरच्या राजोपाध्ये. 1929 चा जन्म. वडील अण्णासाहेब चित्रकार होते आणि बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांसाठीही त्यांनी काम केलं होतं. म्हणजे चित्रकला आणि चित्रपट या दोन्ही गोष्टी त्या घरात एकाच उंबऱ्यातून आल्या. पुढे भानूताई मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या 1953 च्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली होती. पण पोटासाठी त्या ‘ईव्हज वीकली’सारख्या नियतकालिकांत फॅशनची रेखाटनं करत. त्या रेखाटनांवरून कपडे शिवले जाऊ लागले, नट्यांचं लक्ष गेलं आणि 1956 च्या ‘सी.आय.डी.’पासून त्या चित्रपटात आल्या. ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘गाईड’ ही त्यांच्या कामाची थोडी नावं. ‘आम्रपाली’साठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. दगडी भिंतीवरचा रंग त्यांनी वैजयंतीमालाच्या अंगावर कापडात उतरवला.

दुसऱ्या पुतळ्यापाशी मात्र कुणीच फोटो काढत नव्हतं. त्याच्या अंगावर मळकं धोतर होतं आणि विटलेला सदरा. कार्डावर लिहिलं होतं, ‘दो बिघा जमीन’, 1953, दिग्दर्शक बिमल रॉय.

या सदऱ्यामागे एका महोत्सवाचीच गोष्ट आहे. 24 जानेवारी 1952 ला मुंबईत भारतातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. फिल्म्स डिव्हिजननं तो भरवला होता. मुंबईनंतर तो मद्रास, दिल्ली आणि कलकत्त्यालाही गेला. आपल्याकडचे जे चित्रपट त्यात होते, त्यांत राज कपूरचा ‘आवारा’ होता आणि शांतारामबापूंचा ‘अमर भूपाळी’ही होता. होनाजी बाळाची गोष्ट असल्यामुळे त्यात उत्तर पेशवाईतल्या पगड्या, अंगरखे, नऊवारी साड्या. एका शाहिराचा चित्रपट जगाच्या चित्रपटांच्या पंगतीत बसला याचं मला कवी म्हणून फार अप्रूप वाटतं.

पण त्या महोत्सवात सगळ्यांत जास्त बोलबाला झाला तो इटलीच्या ‘बायसिकल थीव्हज’चा. महायुद्धानंतरचं रोम, एक बेकार माणूस, त्याची चोरीला गेलेली सायकल आणि बरोबर त्याचा लहान मुलगा. कपडे कसले, तर चुरगळलेला कोट नि मुलाच्या अंगात आखूड पँट. आपल्या दिग्दर्शकांनी तो बघितला आणि त्यांच्या डोक्यात किडा वळवळला. बिमल रॉय हे त्यांच्यातलेच. दुसऱ्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ आला. बलराज सहानी कलकत्त्यात हातरिक्षा ओढतो. अंगावर तेच धोतर, घामेजलेला तोच सदरा. 1954 साली या चित्रपटाचा फ्रान्समधल्या कान महोत्सवात गौरव झाला.

आता कुणी म्हणेल, असा कपडा कुणी शिंप्याकडे जाऊन शिवून मागितला असेल का? नाही मागितला. पण मला वाटतं, पडद्यावरच्या कपड्यांचे दोन प्रकार असतात. एक, जो बघून आपल्याला हवासा वाटतो. दुसरा, जो बघून आपल्याला आपला वाटतो. बलराज सहानीचा सदरा बघून थिएटरातल्या हमालाला, गिरणी कामगाराला वाटलं असेल, अरे, हा तर माझाच. हवासा वाटणं ही फॅशन झाली. आपला वाटणं हीसुद्धा कपड्याचीच कमाई आहे, फक्त तिचा बाजार होत नाही.

तिसऱ्या पुतळ्याभोवती गर्दी होती. मोठ्या घेराचा, कळ्याकळ्यांचा झगा. ‘मुघल-ए-आझम’, 1960, के. आसिफ. आज लग्नसराईत दुकानात गेलात की ‘अनारकली’ म्हणून जो ड्रेस दाखवतात, त्याचं नाव या पडद्यावरच्या अनारकलीवरून रूढ झालेलं. नवी पोरं तो घालतात, त्यांतल्या कितीजणींनी मधुबाला बघितली असेल देव जाणे. 2004 साली हा चित्रपट पूर्ण रंगीत होऊन पुन्हा आला, तेव्हा मी अम्मीला घेऊन गेलो होतो. ती सगळा वेळ चमकत्या जरीकडे बघत होती.

या चित्रपटाच्या पोशाखांसाठी आसिफनं देशभरातले कारागीर गोळा केले होते. शिलाईला दिल्लीचे शिंपी. जरीकामाला सुरत-खंबायतचे कसबी. दागिन्यांना हैदराबादचे सोनार. मुकुट कोल्हापूरच्या कारागिरांनी केले, हत्यारं राजस्थानच्या लोहारांनी आणि जोडे आग्र्याहून आले. ही यादी हौसेनं सांगितली जाते. पण मंडळी, नीट ऐका, या यादीत गावांची नावं आहेत. माणसाचं एकही नाव नाही. सुई दिल्लीची होती एवढं आपल्याला कळतं. ती कुणाच्या बोटात होती, ते कळत नाही.

चौथा पुतळा साधनाचा. ‘वक्त’, 1965. घट्ट चुडीदार आणि अंगासरशी कुडता. हेही काम भानूताईंचं. चुडीदार ही काही चित्रपटानं शोधलेली वस्तू नव्हे, ती आधीपासून होतीच. पण साधनानं ती अशी काही घातली की शहरांतल्या कॉलेजच्या मुलींनी लगेच उचलली. आमच्यासारख्या गावात ती यायला थोडा वेळ लागला, पण आली.

ती आली कशी, हे बघण्यासारखं आहे. अमेरिकेत 1932 साली ‘लेटी लिंटन’ नावाचा एक चित्रपट आला होता. त्यात जोन क्रॉफर्डनं एक पांढरा, खांद्यावर झालरीच झालरी असलेला झगा घातला होता. एड्रियन नावाच्या वेशभूषाकाराचा तो झगा. न्यूयॉर्कच्या मेसीज या मोठ्या दुकानानं त्याच्या नकला विकायला ठेवल्या आणि बायकांची झुंबड उडाली. तिकडे पडद्यावरून कपडा दुकानात आला आणि दुकानातून अंगावर गेला. आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकात गावोगावी असं दुकान कुठलं? आपल्याकडे मधे शिंपी होता.

अब्बांच्या दुकानात एक पायमशीन, एक कोळशाची इस्त्री आणि भिंतीला एक कॅलेंडर. टॉकीजला नवा चित्रपट लागला की आठवड्याभरात बायका यायच्या. कुणाच्या हातात सिनेमाच्या मासिकातून फाडलेलं पान असायचं. कुणाच्या हातात काहीच नसायचं. ती नुसतं सांगायची, “खानभाई, गळा असा खोल नाही, असा जरा पानासारखा, आणि बाही इथपर्यंत.” अब्बा बायकांची मापं टेपनं घेत नसत. ‘मापाचं पोलकं’ आणा म्हणायचे. जुन्या पोलक्यावरून नवं बेतायचे. पडद्यावर एकदा पाहिलेला गळा आणि पिशवीतून आलेलं मापाचं पोलकं, या दोन्हींचा मेळ अब्बांच्या कैचीत व्हायचा.

चुडीदार म्हणजे सोपं काम नव्हे. कापड उभ्या-आडव्या धाग्यावर न कापता तिरकं, म्हणजे उरेब, कापावं लागतं. तरच ते ताणतं, पायाला बसतं आणि घोट्याशी त्याच्या चुड्या पडतात. उरेब कापायचं म्हणजे कापड जास्त लागतं. आणि आमच्या गिऱ्हाइकाकडे तर कापड नेहमी अर्धा वार कमीच असायचं! मग अब्बा जोड द्यायचे, पण तो अशा जागी की बाहेरून पत्ता लागू नये. साधनाच्या चुडीदारला जोड नव्हता. मिरजेतल्या चुडीदारला होता. ती नक्कल नव्हती, भाषांतर होतं. मी पुढे उर्दू कवितांची मराठी भाषांतरं केली, तेव्हा अब्बांचे ते जोड मला नेहमी आठवायचे.

आता पाचवा पुतळा. हा बघितल्यावर आपा जरा गप्प झाली. ठिपक्याठिपक्यांचं, पोटाच्या वर गाठ मारलेलं डिंपल कापडियाचं पोलकं. ‘बॉबी’, 1973.

ऐकणाऱ्यांपैकी जे साठीच्या पुढचे आहेत, त्यांना ‘बॉबी प्रिंट’ आठवत असेल. कापडाच्या दुकानात जाऊन तेवढं म्हटलं की दुकानदार ठिपक्यांचे तागे काढायचा. आमच्याकडे चित्रपट आला तेव्हा आपा सोळा-सतरा वर्षांची होती. मी अगदीच लहान, त्यामुळे पुढचं बरंचसं तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे. अब्बांनी त्या वर्षी गावातल्या कितीतरी मुलींना ठिपक्यांचे कपडे शिवून दिले. कुणाला झबलं, कुणाला स्कर्ट, एका डॉक्टरांच्या मुलीला तर हुबेहूब डिंपलसारखं पोलकं. घरात मात्र ठिपका आला नाही. आपानं अम्मीकडे हट्ट धरला. अम्मी म्हणाली, अब्बांना विचार. आपा अब्बांना म्हणाली, “तुम्ही सगळ्या गावाला शिवता. मी कुणाची आहे?”

अब्बा काही बोलले नाहीत. चांदरातीला दुकान बंद करून ते उशिरा घरी आले, तेव्हा त्यांच्या काखेत कागदाची पुडी होती. आपानं ती उघडली. आत ठिपक्यांचंच कापड, पण शिवलेली लांब बाह्यांची कमीज, सोबत पांढरी सलवार आणि ठिपक्यांचीच किनार लावलेली ओढणी. गाठ नाही, उघडं पोट नाही. आपा त्या रात्री रडली. ईदला तिनं ती कमीज घातली, पण दिवसभर तोंड फुगलेलं.

मी अब्बांना यात निर्दोष ठरवणार नाही. गावाच्या लेकींना जे चालतं ते आपल्या लेकीला नाही, हा हिशेब सोयीचाच होता, आणि अशा हिशेबाची किंमत नेहमी घरातल्या मुलीच चुकवतात. असे बाप फक्त आमच्या मोहल्ल्यात होते असंही नाही. वाड्यात होते, वस्तीत होते, सगळीकडे होते. पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढच्या वर्षी ती कमीज आपाला घट्ट झाली. ती चिडून टाकून देणार, तेवढ्यात अम्मीनं ती उलटी करून दाखवली. दोन्ही बगलांना, बाह्यांना, खाली घेराला अब्बांनी भरपूर कापड आत दाबून ठेवलं होतं. शिंप्याच्या भाषेत याला ‘माया’ म्हणतात. शिवणीत माया सोडायची, म्हणजे पुढे उसवून कपडा मोठा करता येतो. अब्बा शिकाऊ पोरांना नेहमी सांगायचे, “माया रखो. बच्ची बढती है.” ती कमीज आपानं चार ईदा घातली. दर वर्षी थोडी माया सोडवत.

शिवणीतल्या जास्तीच्या कापडाला माया म्हणणारी आपली ही मराठी भाषा! हा शब्द कुणा कवीनं काढलेला नाही, तो कारागिरांनी दिलेला आहे. आपाला विचाराल तर ती आजही म्हणते, “माया होती, मान्य. पण मला गाठ हवी होती.” दोन्ही खरं आहे, आणि मी त्यातलं कुठलंच पुसणार नाही.

आता पुन्हा भानूताईंकडे येतो. 1982 साली रिचर्ड अॅटनबरोंचा ‘गांधी’ आला. त्याच्या वेशभूषेचं काम जॉन मोलो आणि भानू अथैया यांनी केलं. हे काम किती अवघड! दक्षिण आफ्रिकेतला सूटबूट घातलेला बॅरिस्टर, 1915 ला परतलेला काठेवाडी फेटेवाला आणि 1921 साली मदुराईत पंचा नेसायचं ठरवणारा महात्मा. गांधीजींचं अर्धं चरित्र त्यांच्या कपड्यांतच लिहिलेलं आहे. 11 एप्रिल 1983 ला या कामासाठी दोघांना ऑस्कर मिळालं आणि भानूताई ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या.

गंमत म्हणजे, तेव्हा आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांत वेशभूषेचा पुरस्कारच नव्हता. तो सुरू झाला 1984 सालच्या चित्रपटांपासून. पुढे भानूताईंना तो ‘लेकिन’ आणि ‘लगान’साठी मिळाला. 2012 साली त्यांनी आपलं ऑस्कर नीट जतन व्हावं म्हणून अकादमीकडे परत सोपवलं. 15 ऑक्टोबर 2020 ला त्या गेल्या. जिनं आयुष्यभर दुसऱ्यांना नटवलं, तिला आपल्या बाहुलीची जपणूक साता समुद्रापार शोधावी लागली, याची थोडी खंत आपल्याला वाटायला हवी.

श्रेयाचा हा घोळ तिकडेही कमी नाही. 1954 च्या ‘सॅब्रिना’त ऑड्रे हेपबर्नचे काही गाजलेले पोशाख पॅरिसच्या जिव्हांशी यांचे होते. ऑस्कर मिळालं एडिथ हेड यांना, आणि पडद्यावर जिव्हांशींचं नावही नव्हतं. जिव्हांशींना निदान आज जग ओळखतं. त्यांच्या शिवणघरात बसून टाके घालणाऱ्या बायांचं काय? म्हणजे पायरी उतरत गेलं की नावं विरत जातात. नटीचं नाव सगळ्यांना ठाऊक, वेशभूषाकाराचं थोड्यांना आणि शिंप्याचं कुणालाच नाही.

पुढे काळ बदलला. 1994 ला ‘हम आपके हैं कौन’ आला, तेव्हा माधुरीच्या जांभळ्या साडीसाठी आणि पाठीच्या ब्लाऊजसाठी अब्बांकडे शेवटची मोठी गर्दी झाली. 2005 ला ‘बंटी और बबली’ आला तोवर अब्बा राहिले नव्हते. राणी मुखर्जीचे कॉलरवाले आखूड कुडते आणि पतियाळा सलवारी बाजारात थेट तयार टांगलेल्या आल्या. दुकानात धाकटा भाऊ बसायचा. तो पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं असली कामं करायचा. तो म्हणायचा, “भाईजान, तयार कपडा घट्ट झाला म्हणून लोक आणतात. उलटा करून बघतो तर आत सोडवायला काहीच नाही.” तयार कपड्याला माया नसते. कारखान्याला तेवढं कापड परवडत नाही. कपडा स्वस्त झाला, गरिबाच्या मुलीलाही हव्या त्या आठवड्यात हवी ती फॅशन मिळू लागली, आणि तिला अब्बांना विचारावं लागेना. हे चांगलंच झालं. पण कपड्याचं आयुष्य आखूड झालं, हेही खरं.

तर त्या दिवशी आपानं त्या विद्यार्थिनीला विचारलं, “बाळ, हे सगळं शिवलंय कुणी?” ती म्हणाली, “आम्हीच आजी. आणि आमच्या शिवणवर्गातले मशीनवरचे काका आहेत, चुडीदार त्यांनी शिकवली. आम्हाला उरेब जमतच नव्हतं.” आपा म्हणाली, “मग तुमची नावं कुठे आहेत कार्डावर?” मुलगी गोंधळली. म्हणाली, “आमची कशाला? ड्रेस तर सिनेमातला आहे.”

घंटा झाली. आम्ही आत गेलो, ‘वक्त’ बघितला. बाहेर आलो तेव्हा दालन रिकामं झालं होतं. साधनाच्या पुतळ्यापाशी आपा थांबली. कार्डाच्या तळाशी बॉलपेननं एक ओळ वाढवलेली होती. ‘शिलाई’ असं लिहून पुढे तीन नावं. शेवटचं नाव त्या काकांचं असावं, कारण त्याला ‘उस्ताद’ जोडलेलं होतं.

आपानं चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. मग कुडत्याची कड उलटली, आत बोट फिरवलं आणि मला म्हणाली, “बघ, माया सोडलीय पोरीनं.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)